हात आधी पुढे होतो

सातारच्या स्टँडवरून सांगलीची एसटी सुटते तेव्हा बसायला जागा मिळणं हे नशीबच. उंब्रज येईपर्यंत मधल्या वाटेत माणसं दाटतात, कराडला निम्मी गाडी उतरते आणि तेवढीच पुन्हा चढते. उभ्या असलेल्या बाईचा एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात भरलेली पिशवी, पदर कमरेला खोचलेला. ड्रायव्हर ब्रेक लावतो, ती पुढे झुकते, सावरते आणि काही न बोलता हातातली पिशवी सीटवरच्या बाईच्या मांडीवर ठेवते. ओळख नाही, 'जरा धरता का' नाही. बसलेल्या बाईचं लक्ष खिडकीबाहेर, उसाच्या फडांकडे. तरी पिशवी मांडीला टेकायच्या आत तिचे दोन्ही हात वर आलेले असतात. एक बंदांवर, एक तळाशी. मग ती मान वळवून पिशवी कोणाची ते बघते. पुढे पेठनाक्यापर्यंत ती त्या पिशवीची राखणदार. आतली मेथी चेपू नये म्हणून गुडघे सावरून बसते, तोंडाशी आलेला टोमॅटो बोटाने आत ढकलते. पेठनाका आला की पिशवी वर जाते, बाई उतरते, आणि दोघींमध्ये एक शब्दही झालेला नसतो.

हे दृश्य मी आयुष्यभर बघत आले आहे आणि अजूनही त्या हातांवरून माझी नजर हटत नाही. त्या बाईने मनात 'हो' म्हटलं केव्हा? हो-नाही ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिला मिळालाच नव्हता. पिशवीत काय आहे, ती कोणाची, किती जड, कुठवर धरायची, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. हातांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मनाला नंतर कळवलं. त्याच गाडीत मागच्या दाराशी अडकलेल्या माणसाची शंभराची नोट चार अनोळखी हातांतून कंडक्टरकडे जाते. तिकीट आणि सुट्टे त्याच चार हातांतून परत येतात. मधल्या चौघांपैकी कोणी विचारत नाही की हे मी का घ्यावं. गाडी सुटताना खिडकीतून कंदी पेढ्यांचा पुडा आत सरकवला जातो, परतीच्या वाटेवर सांगलीच्या स्टँडवर भडंगाची पिशवी. गियर पडलेला असतो, 'अहो कशाला' म्हणायला तोंड उघडावं तोवर पुडा आपल्या हातात आणि देणारा मागे पडलेला. दोन्ही बाजूंना हे आधीपासून माहीत असतं. म्हणून तर तो शेवटच्या क्षणाला दिला जातो.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळव्यावर आपलं बोट टेकवावं. मूठ मिटते. डोळे धड उघडलेले नसतात, आई कोण हे पुरतं कळलेलं नसतं, पण बोट धरलं जातं, आणि असं घट्ट की सोडवून घेताना आपल्याला हळू व्हावं लागतं. पाच-सहा महिन्यांत ही आपोआपची पकड ओसरते आणि तिच्या जागी जाणून-बुजून धरणं येतं. झाडावर राहणाऱ्या, आईच्या केसांना लोंबकळणाऱ्या पूर्वजांची ती आठवण असावी असं मानतात. मला त्यातलं दुसरंच काही जास्त विलक्षण वाटतं. धरलेली वस्तू आपणहून सोडून दुसऱ्याच्या हातात देणं बाळाला जमतं ते फार पुढे, नऊ-दहा महिन्यांचं झाल्यावर, कधी वर्षाच्या आसपास. 'दे बघू आजीला' म्हणून आपण हात पुढे करतो, ते चमचा पुढे आणतं, आपल्या तळव्यावर टेकवतं, आणि बोटं काही उघडत नाहीत. घेणं आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. देणं मांडीवर बसून शिकावं लागतं.

आणि एकदा शिकलं की ते इतकं बारीक होतं की आपल्यालाही त्याचा पत्ता नसतो. पाण्याचा तांब्या कोणाला देताना स्वतःच्या बोटांकडे जरा लक्ष द्या. समोरच्याची पकड बसेपर्यंत आपण सोडत नाही. त्याच्या हाताची किंचित ओढ लागते, तेवढ्याच मापाने आपली बोटं सैल होतात. क्षणभर तांब्या दोघांचाही असतो. माणसाच्या हातात वस्तू देणारी यंत्रं बनवणाऱ्या संशोधकांना हाच क्षण फार अवघड गेला आहे: सोडायचं नेमकं कधी. आपल्या घरातली सहा वर्षांची पोरगी पंगतीत पाण्याचा तांब्या फिरवताना ते बिनचूक करते.

कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने 2016 साली पानी फाउंडेशनच्या पाणी अडवण्याच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत माण, खटाव, कोरेगावच्या माळांवर पहाटेपासून श्रमदानाच्या रांगा लागायच्या. अशा एका रांगेत मी उभी राहिले आहे. खाली चरात कुदळ चालवणारे, फावड्याने घमेलं भरणारे, आणि तिथून बांधापर्यंत माणसांची साखळी. भरलेलं घमेलं डावीकडून येतं, उजवीकडे जातं. रिकामं उलट्या दिशेने परत येतं. सुरुवातीला मी प्रत्येक घमेल्याकडे बघून घेत होते आणि म्हणूनच माझ्यापाशी रांग अडत होती. शेजारच्या आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत, पुढचं घमेलं माझ्या पोटाच्या उंचीला आणून धरलं. तिथे माझे हात आपोआप होते. मग बघण्याची गरज संपली. कमरेतून थोडं वळायचं, कडा हाताला लागली की धरायची, दुसऱ्या बाजूला वळायचं, कडेवर दुसरे हात आले की सोडायची. उन्हं वर येईपर्यंत त्या रांगेत कॉलेजची पोरं, बँकेतले साहेब, शेतमजूर बायका आणि गावचे पाटील एकाच लयीत हलत होते. घमेल्याच्या कडेवर रोज कितीतरी वेगवेगळ्या हातांचा घाम एक होत होता. दुष्काळी भागातल्या गावांनी पाणी अडवलं त्याची आकडेवारी पुष्कळ निघाली. त्या रांगांमधल्या मुक्या विश्वासाबद्दल मात्र फारसं कोणी लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते बांध त्याच्यावरच उभे आहेत.

मिरजेत ही लय दोन अगदी वेगळ्या जागी दिसते. एक तंतुवाद्यांच्या कारखान्यांत, जिथे कारागीर फरीदसाहेबांपासून पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडत आले. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांचे हात इथे वाद्यांकडे वळले. पंढरपूरकडून आलेला भोपळा मांडीत धरून म्हातारे कारागीर कडेला पटाशी लावत असतात. नजर न उचलता उजवा हात मागे करतात आणि शिकाऊ पोरगा त्यावर कानस ठेवतो. काय हवं ते सांगितलेलं नसतं. कामाचा कुठला टप्पा आला हे त्याला आवाजावरून कळलेलं असतं. दुसरी जागा शस्त्रक्रियागृह. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, त्यांच्या नावाने ते ओळखलं गेलं आणि मिरज डॉक्टरांचं गाव झालं. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीही शल्यविशारदाचे डोळे जखमेतून हलत नाहीत. तळवा उघडतो, आणि परिचारिका त्यावर चिमटा अशा दाबाने टेकवते की बोटं आपोआप मिटावीत. त्या दाबात 'हा घ्या' एवढं वाक्य असतं. टेबलावर झोपवलेल्या माणसाचा जीव त्या न बोललेल्या वाक्यावर विसंबलेला असतो.

आषाढ जवळ आला की ज्ञानोबांची पालखी नीरेत पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात उतरते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम पडतात, वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना गावकरी केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याचे ग्लास घेऊन उभे. वारकऱ्याच्या दोन्ही हातांत टाळ. अभंग मध्यावर. केळं धरलेला हात पुढे येतो. टाळांची दोरी बोटांतून मनगटावर घसरते, मोकळ्या झालेल्या हाताने केळं घेतलं जातं, चाल तुटत नाही, अभंग तुटत नाही. दोन पावलं पुढे गेल्यावर 'माउली' एवढा शब्द मागे येतो, आणि देणाऱ्याच्याही तोंडून तोच निघतो. औदुंबरला कृष्णेच्या घाटावर तीर्थासाठी पुढे केलेल्या ओंजळींची रांग असते, तिथेही असंच. पुजारी तळवे बघतो, तोंडं बघत नाही.

फ्रेंच विद्वान मार्सेल मॉस यांनी 1925 मध्ये देण्याघेण्यावर एक मोठा निबंध लिहिला. समाज तीन बंधनांवर उभा असतो, असं त्यांचं म्हणणं: द्यायला हवं, घ्यायला हवं आणि परत फेडायला हवं. यातलं मधलं बंधन आपण सहसा मोजतच नाही. घ्यायला नकार देणं म्हणजे वैर पत्करणं, असं ते लिहितात. आपल्याकडच्या कोणत्याही सासुरवाशिणीला हे मॉसशिवाय ठाऊक आहे. निघताना दारात खण-नारळ हातात घेतलेली बाई दिसली की बोलण्याआधी पदर पसरला जातो. नको म्हणायची तिथे रीत नाही. कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आल्यावर मात्र माणसं हात मागे घेतात, आणि कायद्यानेही ही वृत्ती ओळखून ठेवली आहे: 'घेण्यास नकार' असा शेरा पडला तर ते समन्स बजावलं गेलं असंच धरता येतं. एवढा मोठा नियम करावा लागला, यावरूनच कळतं की न घेणं हे काही साधंसुधं काम नाही.

या वृत्तीचा गैरफायदा घेणारेही आहेत. देवळाबाहेर हातात फूल कोंबून मग पैसे मागणारे असतात, आणि अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नका अशी सूचना रेल्वेला द्यावी लागते. ते खरंच आहे. त्यासाठी सावध राहावं, पण सावधपणा हा अपवादासाठी असतो.

आमच्या घरात मीठ हातावर देत नाहीत. वाटी खाली ठेवायची, मागणाऱ्याने उचलायची; नाहीतर भांडण होतं म्हणे. हिरव्या मिरचीचंही तेच. लहानपणी मला ही नुसती समजूत वाटायची. आता वाटतं, त्या बायकांना हातातून हातात देण्याचं वजन पुरेपूर कळत होतं. झोंबणारी, खारट वस्तू त्या वाटेने जाऊ नये, कारण त्या वाटेने वस्तूबरोबर आणखीही काही जातं, अशी ती काळजी होती.

पण खाली ठेवून देण्याची आणखी एक रीत आपल्याकडे होती, आणि ती मिठापुरती नव्हती. अस्पृश्य मानलेल्यांच्या पदरात भाकरी वरून टाकायची. पाणी उंचावरून ओंजळीत ओतायचं. पैसे उंबऱ्यावर ठेवायला लावायचे आणि पाणी शिंपडून उचलायचे. दोन हात एकाच वेळी एका वस्तूवर येऊ नयेत, एवढ्यासाठी सगळी मांडणी. ही रीत काय करते हे ज्याने सातारला सोसलं, त्याचं नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात लिहिलं गेलं: भिवा रामजी. आज तीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि 7 नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हा भिवा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर; त्यांनी पुढे आपल्या आठवणींत त्या शाळेतलं पाणी पिणं सांगितलं आहे. इतर मुलांना तहान लागली की ती नळाशी जात, नळ सोडत, पीत. या मुलाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. बसायला गोणपाटाचा तुकडा, तो शाळेच्या झाडलोटवाल्यालाही शिवायला नको, म्हणून रोज घरी न्यायचा आणि परत आणायचा.

आणि मसूर. 1901 च्या सुमाराची सुट्टी. वडिलांकडे जायचं म्हणून मुलांसाठी नवे सदरे, जरतारी टोप्या, रेशीमकाठी धोतरं घेतलेली. सातारहून आगगाडीने निघून ही पोरं मसूरला उतरली आणि त्यांना घ्यायला कोणी आलेलंच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, पोरं कोणाची ते विचारलं. पोरांच्या तोंडून जात कळली आणि मास्तरांचा चेहरा पालटला, ते दूर झाले. बैलगाडी मिळेना. शेवटी एक गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालत येईल. बरोबर डबा भरून दिलेला होता. प्यायला पाणी कोणी दिलं नाही, म्हणून जेवण अर्धंच राहिलं. रात्रभर उपाशी, तहानलेली पोरं. घरातलं कोणी मोठं माणूस बरोबर नाही.

मसूर हे कराडच्या अलीकडचं एक स्टेशन. माझी कोयना किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस तिथून जाते तेव्हा मी खिडकीतून बघते. त्या स्टेशनमास्तरांचा हातही कधीकाळी जन्मल्याबरोबर कोणाच्या तरी बोटाभोवती मिटला असणार, आणि ते बोट सुइणीचं असणार, तिची जात न विचारता. मागे सरणं हे त्या हाताला नंतर शिकवलं गेलं. घरात, अंगणात, विहिरीवर, वर्षानुवर्षं, रागावून, चटके देऊन शिकवलं गेलं. जे निसर्गतः येतं ते मोडायला एवढी मेहनत लागते. जातिव्यवस्था जुनी आहे, नैसर्गिक आहे असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला बाळाच्या पाळण्यापाशी न्यावं.

ज्या जिल्ह्याने हे केलं त्याच जिल्ह्यात ते पुसायचं कामही झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती सातारला आणली. सातारच्या वसतिगृहाला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र राबत, एका पंगतीला बसत. त्यांच्या भाकरीसाठी गावोगावच्या बायका दळणातली एक मूठ बाजूला काढून ठेवत. मुष्टिफंड म्हणत त्याला. घरातलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकायला काढून दिलं. मला त्या पंगतीतली भाकरीची परात दिसते. परात एका मुलाकडून पुढच्याकडे सरकते आहे, महार, मराठा, जैन, मुसलमान, मांग. पहिल्या दिवशी नव्याने आलेल्या एखाद्या पोराचा हात थबकला असेल, पुढे की मागे हे कळलं नसेल. मागून भूक लागलेली, पुढून परात आलेली. त्या थबकलेल्या हाताला पुढे न्यायला भाऊरावांनी व्याख्यान दिलं नाही, शेजारी बसवलं. शिकवलेलं विसरायला हाताला फार दिवस लागत नाहीत, कारण खाली मूळचं शाबूत असतं. माझ्या मते सातारच्या इतिहासात अजिंक्यतारा किल्ल्याइतकीच ही परात मोठी आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं; तिथे 45 फूट ही धोक्याची पातळी. गावभागात माणसं वरच्या मजल्यांवर अडकली. नाव जिन्याशी लागली की आधी लेकरं दिली जायची. रायफल धरायची सवय असलेले परमुलखातले जवान ती घ्यायचे. त्यांची भाषा कळत नव्हती, नाव विचारायला उसंत नव्हती. नावेत बसलेल्या एका बाईने वाकून जवानांच्या पायांना हात लावला ते चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत चिखल काढायच्या रांगा लागल्या आणि घमेली हातोहात गेली.

तरी पाणी ओसरतं तसे आपण आपापल्या घरात परततो आणि जुन्या रीती मोरीपाशी उभ्याच असतात. अजून कितीतरी चांगल्या घरांत कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे. फडताळाच्या खालच्या कप्प्यात, कान तुटलेला, कधी कधी मागच्या खिडकीत. चहा त्यात ओतला जातो आणि ओट्याच्या कडेला ठेवला जातो. मावशी भांडी घासून झाल्यावर तो उचलतात. घरचे लोक याला सवय म्हणतात, स्वच्छता म्हणतात. कचरा न्यायला येणाऱ्या दादांना पाणी द्यायचं झालं तर प्लास्टिकची बाटली शोधली जाते. त्या लोकांचे हात आपल्याइतकेच पटकन पुढे येतात, पिशवी असो, घमेलं असो, बुडणाऱ्या घरातलं आपलं लेकरू असो.

तुमच्या घरात असा कप असेल तर तो आज काढून टाका. उद्या सकाळी मावशी आल्या की चहा घरच्या कपात ओता आणि तो ओट्यावर न ठेवता त्यांच्या हातात द्या. त्यांची पकड बसेपर्यंत सोडू नका.